नोंद दुसऱ्या केंद्रावर

ऑगस्ट २०१९. जयसिंगपूरजवळच्या एका शाळेत पूरग्रस्तांची छावणी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर जाऊन आता कुठे उतरू लागलंय. इचलकरंजीचा आपला दवाखाना बंद ठेवून आलेल्या डॉक्टरबाई पाचवीच्या वर्गात पेशंट तपासतायत. मी शेजारी यादी लिहायला बसलोय. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोच्या धास्तीने डॉक्सिसायक्लिन द्यायचंय. मागणीपत्र, सही, शिक्का, स्टॉक रजिस्टरवर पोच, एवढं झाल्यावर तो खोका मिळालाय.

पन्नाशीचा एक माणूस सगळ्यांना पुढे जाऊ देतोय. शेवटी तो टेबलाशी वाकून हळूच म्हणतो, "बाई, जरा भायेर येता?"

व्हरांड्यात तो सांगतो, की टीबीची औषधं चालू आहेत, तिसरा महिना आहे. छावणीत कुणाला कळू द्यायचं नाहीये.

"कार्ड?"

"कपाटात हुतं. कपाटच पाण्यात गेलं."

"लघवी लाल होते का?"

"गोळी हुती तवर व्हायची. दोन दिवस झालं, न्हाई."

बाईंचा चेहरा बदलतो. हा रंग रिफाम्पिसिनचा. तो गेला म्हणजे औषध थांबलंय. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो, तेव्हा नेहमीची औषधं त्याला पुरी पडतीलच असं नाही.

आम्ही समोरच्या आरोग्य केंद्रात जातो. गोळ्या तिथे कपाटात आहेत, काचेतून दिसतायत. फार्मासिस्ट रात्रभर जागा आहे, डोळे तांबडे झालेत. "मॅडम, यांची नोंद दुसऱ्या केंद्रावर आहे. निक्षयवर बदली झाल्याशिवाय मी पाकीट कसं फोडू? आणि नेटला रेंज नाही." ते दुसरं केंद्र पाण्याखाली आहे. तिथून बदली करणार कोण?

हा नियम खुळा नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. टीबीचा प्रत्येक पेशंट निक्षय पोर्टलवर असतो तो एवढ्यासाठीच, की कुणाचं औषध मध्येच सुटू नये, सुटलं तर कळावं. आज त्याच नोंदीपायी या माणसाचं औषध सुटतंय. अशा वेळी नियम कशासाठी केला होता ते आठवणारं माणूस खुर्चीवर लागतं.

बाई आवाज चढवत नाहीत. कोरा कागद मागून त्या लिहायला लागतात: रुग्णाचं नाव, गाव, मूळ केंद्र पाण्याखाली, सात दिवसांचं औषध माझ्या जबाबदारीवर. खाली सही, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन. लागत नाही. पुन्हा. लागत नाही. बऱ्याच वेळाने लागतो, बाई दोन वाक्यांत मामला सांगतात आणि फोन फार्मासिस्टच्या हातात देतात. तो "हो सर, हो सर" म्हणतो आणि आपल्या खिशातल्या पेनाने त्याच कागदावर वेळ टाकतो.

आता डोस ठरवायचा तर वजन हवं. केंद्रातला काटा बिघडलाय. शाळेत मदतीचे तांदूळ मोजायला काटा आणलाय, त्यावर माणूस उभा राहतो: ४७ किलो. "म्हणजे रोज तीन गोळ्या," बाई म्हणतात, "पण चार औषधांच्या का तीन औषधांच्या? दोन महिने नक्की पुरे झालेत?" त्याला सांगता येत नाही.

"त्येंचं मला विचारा की," मागून आवाज येतो. त्याच्याच गावची आशाताई. तीही पूरग्रस्त, सातवीच्या वर्गात लेकरांसह उतरलीय. "मीच रोज गोळी खायला लावत हुते. चाराच्या संपल्या, आता तीनाच्या." होडीत बसताना तिने डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पोटाशी धरली होती. निक्षयचा आकडा त्यात आहे.

फार्मासिस्ट तो आकडा उतरवून घेतो, पट्ट्या मोजून देतो. पहिला डोस तिथेच, आमच्यासमोर घेतला जातो. मग फार्मासिस्टच आशाताईंना विचारतो, "तुमच्या गावचे अजून किती?"

"तिघं. एक इचलकरंजीला पावण्यांकडं, एक कुरुंदवाडला. तिसरीचा ठावठिकाणा न्हाई."

"नंबर सांगा," तो म्हणतो आणि नवं पान उघडतो. बाई फोन काढतात.