व्हिएतनाममधील माझे गुरुजीपण

(लेखक हे आपल्या कारखान्याच्या एका दिवंगत सभासदांचे चिरंजीव आहेत. – संपादक)



मागच्या खेपेस गावी आलो तेव्हा गट ऑफिसात बसलेल्या मंडळींनी विचारलं, "काय रे, तिकडं खातोस काय, बोलतोस काय?" चहा संपला तरी उत्तर संपेना, म्हणून हा लेख.

मी 2017 पासून दक्षिण व्हिएतनाममध्ये कन थो या गावी इंग्रजी शिकवतो. मेकाँग नदी समुद्राला मिळते त्या बाजूचा हा सखल मुलूख. जिकडं पाहावं तिकडं कालवे. मुख्य पीक भात. जवळच्या हाउ जांग भागात ऊस. तिथं ऊस गाडीनं नाही, नावेनं जातो.

नोकरी सुखानं मिळाली नाही. पहिल्या शिकवणी केंद्रानं पदवी पाहिली, पोलिसांचा दाखला पाहिला, आणि पालकांना गोरा मास्तर लागतो म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यानं ठेवून घेतलं. मुलं दिवसा शाळेत, त्यामुळं आमचे वर्ग संध्याकाळी आणि रविवारी. दुपारी जेवण झालं की तिकडं सगळेच आडवे होतात, कचेरीत सुद्धा. ही एक गोष्ट मला लगेच जमली!

खाण्याचे हाल व्हायचे. भाजीत सुद्धा मासळीचं खारं पाणी असतं. पण चांद्र महिन्याच्या पहिल्या नि पंधराव्या दिवशी तिथले पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्यासाठी खानावळीही आहेत. 'चय' एवढा शब्द शिकलो आणि पोट भरू लागलं. उसाचा रस तर रस्तोरस्ती. उसाबरोबर एक छोटं आंबट फळ चरकात घालतात. आपल्याकडच्या आलं-लिंबाइतकंच झकास लागतं.

भाषेनं मात्र रडवलं. लिपी रोमन, पण सूर सहा. 'मा' हा एकच शब्द सूर बदलला की भूत होतो, आई होतो, भाताचं रोप होतो. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "माझी आई गावी असते" म्हणालो. पोरं हसून लोळली. मी म्हणे "माझं भूत गावी असतं" असं सांगितलं होतं.

त्याहून अवघड म्हणजे 'मी' आणि 'तू'. आपल्याकडं अरे-तुरे नि अहो-जाहो एवढ्यावर भागतं. तिथं समोरचा काका, थोरली बहीण की धाकटा भाऊ हे ठरल्याखेरीज वाक्यच सुरू होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत वय विचारतात. आधी राग यायचा, मग कळलं की त्याशिवाय बिचाऱ्यांना बोलताच येत नाही. मास्तराला 'थय' म्हणतात, आणि मग मास्तर स्वतःलाही 'थय'च म्हणतो. 20 नोव्हेंबर हा त्यांचा शिक्षक दिन. त्या दिवशी खोलीत फुलं ठेवायला जागा उरत नाही.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा ऊस होता. माझे वडील कारखान्याचे भागधारक, हे ऐकून ते उठूनच उभे राहिले. त्यांना वाटलं, मी मालकाचा मुलगा. म्हटलं, आहे, पण हजारो मालकांपैकी एकाचा. 2020 पासून शेजारी देशांची साखर कोट्याशिवाय येऊ लागली, स्वस्त थाई साखरेपुढं तिकडचे कित्येक कारखाने बंद पडले. 2021 मध्ये सरकारनं थाई साखरेवर जादा कर बसवला. तोवर या गृहस्थांनी ऊस मोडून फळझाडं लावली होती.

त्याच 2021 साली, 4 ऑगस्टला, आषाढ वद्य एकादशीस वडील गेले. करोनामुळं तिकडं घराबाहेर पडायची बंदी, विमानं बंद. अंत्यविधी मी मोबाईलवर पाहिला. घरमालकीणबाई चार वर्षं मला 'थय' म्हणत होत्या. त्या रात्री दारात येऊन पहिल्यांदा 'कोन' म्हणाल्या. कोन म्हणजे लेकरू. मग त्यांनी विचारलं, "चंद्राची तारीख कोणती?" त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येला पालटतो, फक्त शुद्ध-वद्य न करता सलग मोजतात. हिशेब केला, सहाव्या महिन्याची सव्वीस निघाली. बाईंनी ती भिंतीवर लिहून ठेवली.

पुढच्या वर्षी 24 जुलैला गावी थोरले बंधू वर्षश्राद्धाला बसले. इकडं पहाटेच बाईंनी दार वाजवलं. अंगणात एका स्टुलावर भात, फळं, उदबत्ती, आणि शेजारी भिंतीला टेकवलेला एक अख्खा ऊस. कांडी का केली नाहीत, असं विचारलं. तर म्हणाल्या, तो खायला नाही. आमच्याकडं पितरांना काठी म्हणून उभा ऊस ठेवतात, चालताना आधाराला.

वडील शेवटी शेवटी काठी घेऊनच बांधावर जायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.