एटीपीचा बंध तुटतो, मग ऊर्जा येते कुठून?

‘एटीपीचा शेवटचा बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते.’ दहावीपासून पाठ झालेले हे वाक्य जीवशास्त्र शिकलेल्यांच्याही तोंडी असते. पण रसायनशास्त्रात कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, आणि एटीपीला, पेशीतली कामे चालवणाऱ्या या रेणूला, यातून सूट नाही.

मग मिळकत होते कशी? एटीपीच्या शेपटीत ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना रेटत दाटीवाटीने बसलेले असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन टोकाचा फॉस्फेट सुटला की ती रेटारेटी निवळते. सुटा फॉस्फेट अधिक स्थिर होतो, पाणीही त्याला जास्त चांगले सामावून घेते. मोडलेल्या आणि जुळलेल्या बंधांचा सगळा हिशेब केला की शिल्लक उरते, प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल. जिवंत पेशीत ती ५० च्या आसपास जाते, कारण पेशी एडीपीच्या, म्हणजे फॉस्फेट सुटल्यावर उरणाऱ्या रेणूच्या, मानाने एटीपीचे प्रमाण सतत चढे ठेवते. हे प्रमाण समतोलाला आले, तर रेणू तोच आणि बंध तेच असूनही एटीपीकडून काडीचेही काम होणार नाही. मला वाटते, शिकवताना नेमका हाच मुद्दा सुटतो. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी हे बंध नागमोडी रेघेने दाखवले. बंधातच ऊर्जा कोंडलेली असते, हा समज त्या रेघेमुळे आणखी घट्ट झाला.

एटीपी म्हणजे ऊर्जेचा साठा, हेही खरे नाही. साठा असतो चरबीत आणि ग्लायकोजेनमध्ये. शरीरात एका वेळी एटीपी असते जेमतेम शंभरेक ग्रॅम, पण तेच पुन्हापुन्हा बनत आणि खर्च होत दिवसाकाठी जवळपास आपल्या वजनाइतके होते. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात, हा जुना आकडाही आता ३० ते ३२ वर आला आहे.

१९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना हा रेणू स्वतंत्रपणे सापडला, तो स्नायूंत. आणि स्नायूंबद्दलच सगळ्यात मोठी गल्लत होते: एटीपी संपले की स्नायू ढिले पडतील, असे वाटते. मासळीबाजारात ताजा बांगडा डोक्याकडून आडवा धरून पाहा. तो वाकत नाही, पट्टीसारखा ताठ राहतो. आखडायला एटीपी लागते तसेच सैल व्हायलाही लागते. स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाचे डोके ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला पकडून बसते आणि नवा एटीपी रेणू येऊन त्याला चिकटला की पकड सुटते; इथे अजून काही तुटलेलेही नसते. मेलेल्या माशात एटीपी संपते, पकडी तशाच अडकून राहतात. पुढे मासा मऊ पडतो तो एटीपी परत आल्याने नव्हे, तर विकरे स्नायूंतली प्रथिनेच कुरतडू लागतात म्हणून.