यंत्रातली मींड

यवतमाळ जिल्ह्यात लग्नसराईत धुमाल ऐकली नाही असा शिक्षक सापडणे कठीण. दारव्ह्याच्या एका संगीतप्रेमी शिक्षकांनी मला विचारले, "पेटीत मींड निघत नाही. मग त्या की-बोर्डवाल्याचा सूर घसरतो कसा?"

या प्रश्नाचे एक सुरेल उदाहरण मुंबईत झाले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. तबला नाही, तंबोरा नाही. सगळी भिस्त जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर. ज्युपिटर-८ वर राग, टीआर-८०८ वर ठेका आणि टीबी-३०३ वर खर्जातले सूर. तबकडी फारशी खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी याच टीबी-३०३ मधून 'ॲसिड हाउस' संगीत काढले, आणि २०१० साली ही तबकडी पुन्हा निघाल्यावर चरणजित सिंग त्या संगीताचे जनक ठरवले गेले. मला तो दावा फुगवलेला वाटतो. कुतूहल आहे ते मींडेचे.

पेटीत सूर धातूच्या पट्टीची लांबी-जाडी ठरवते. टीबी-३०३ मध्ये तो विद्युतदाब ठरवतो. दाब १ व्होल्टने वाढला की कंप्रता दुप्पट होते, म्हणजे सूर एक सप्तक चढतो. सप्तकात बारा स्वर. तेव्हा लगतच्या दोन स्वरांत सुमारे ८३ मिलिव्होल्टचा फरक. हा दाब एका उडीत बदलला तर पेटीसारखेच वाजेल. वाटेत रेझिस्टर आणि कपॅसिटर घातला तर मात्र कपॅसिटर भरायला वेळ लागतो, दाब हळूहळू चढतो आणि सूर मधल्या सगळ्या कंप्रतांतून जातो. झाली मींड!

वर्गात हे दाखवता येते. ९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर एकसर जोडा. कपॅसिटरचे धन-ऋण टोक सांभाळा. त्याच्या टोकांवरचा दाब डिजिटल मल्टिमीटरने मोजा. (काट्याचा मीटर नको, तो स्वतःच बराच प्रवाह खातो.) १० सेकंदांनी सुमारे ५.७, २० सेकंदांनी ७.८ आणि ३० सेकंदांनी ८.५ व्होल्ट दिसतील. आलेख काढला की मींडेचा आकार समोर येतो: आधी धावते, मुक्कामाजवळ रेंगाळते.

गवयाची मींड अशी ठरलेली नसते. तो वाटेत कुठेही थबकतो. टीबी-३०३ चा आकार एकच, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात संपणारा. डिस्कोच्या जलद लयीत हे उणेपण झाकले जाते.

दुसरे उणेपण सुरांचे आहे. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर शुद्ध गंधार ३०० हर्ट्झ. बारा समान भाग करणाऱ्या यंत्राचा गंधार मात्र ३०२.४. फरक क्षुल्लक वाटेल. पण षड्जाच्या तंबोऱ्याचा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्झवर असतो, तर यंत्राच्या गंधाराचा चौथा १२०९.६ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा ठोके ऐकू येतात. मोबाइलवर तंबोरा लावा, की-बोर्डची तीच पट्टी जुळवा आणि भूपातला गंधार धरून ठेवा. मुलांना ठोके मोजू द्या.