फाइल आहे की नाही?

कचेरीच्या दारात शिपायाला ‘साहेब आहेत का?’ असे विचारावे, ‘आहेत’ असे उत्तर मिळावे आणि आपण जिना चढून वर जाईपर्यंत साहेब जेवायला निघून गेलेले असावेत, हा अनुभव कुणाला नाही? शिपाई खोटे बोललेला नसतो. उत्तर खरे होते, फक्त ते शिळे झाले. सर्व्हरवरच्या फायलींच्या बाबतीत नेमके हेच घडते.

रायन डाल यांनी २००९ साली नोड-जेएस जगापुढे मांडले. त्यात आपली जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालते. फाइल शोधण्यासारखे संथ काम पाठीमागच्या मदतनीस धाग्यांकडे सोपवायचे (एरवी ते चार असतात) आणि तोवर पुढच्या ग्राहकाकडे वळायचे. उडप्याच्या हॉटेलातला वेटर एका टेबलाची ऑर्डर आत सांगून दुसऱ्या टेबलाशी जातो, तसेच. डोसा झाला की आतून हाक येते. या हाकेला ‘कॉलबॅक’ म्हणतात.

आता समजा, परीक्षेच्या अर्जासोबत विद्यार्थी छायाचित्रे पाठवत आहेत आणि दोघांच्याही फायलीचे नाव ‘फोटो’ आहे. पहिल्यासाठी सर्व्हर विचारतो, या नावाची फाइल आहे का? उत्तर यायच्या आत दुसऱ्यासाठीही तोच प्रश्न जातो. दोन्हींना उत्तर एकच, ‘नाही’. दोन्ही छायाचित्रे त्याच नावाने लिहिली जातात आणि पहिल्याच्या अर्जावर दुसऱ्याचा चेहरा येतो. पडद्यावर तक्रार काहीच उमटत नाही. चाचणी घेणारा बहुधा एकटाच बसलेला असतो, त्यामुळे तिथेही हे सापडत नाही!

उपाय साधा आहे. विचारत बसू नये, थेट काम सांगावे. वाचायचे असेल तर फाइल उघडावी. ती नसली तर ‘ईएनओईएनटी’ ही त्रुटी येते, परवानगी नसली तर ‘ईएसीसीईएस’. नवी फाइल बनवायची असेल तर ‘डब्ल्यूएक्स’ ही खूण द्यावी, म्हणजे ‘नसेल तरच बनव’. पाहणे आणि बनवणे यांत मग फटच उरत नाही. मागून आलेल्याला ‘ईईएक्सआयएसटी’ असे उत्तर मिळते आणि त्याच्या फायलीला वेगळे नाव देता येते.

नोडमधले ‘एक्झिस्ट्स’ हे जुने फंक्शन नुसते हो किंवा नाही म्हणते. ‘मला बघताच आले नाही’ हेही त्याच्या लेखी ‘नाही’च! ते वापरू नये, असे नोडवाल्यांनीच जाहीर केले आहे. त्याऐवजी ‘ॲक्सेस’ आहे, ते निदान कारण सांगते. फाइल उघडायची नसून नुसती चौकशीच करायची असेल, तर ते ठीक. पण आधी ‘ॲक्सेस’ला विचारून मग फाइल उघडणे, हे नोडच्या अधिकृत माहितीपत्रकातही नको म्हणूनच सांगितले आहे.