घट आणि घट करणारा

आज आपण वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर बसून मातीच्या भांड्यांविषयी बोलणार आहोत. 'घट' हे न्यायदर्शनाचं लाडकं उदाहरण. माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण. आपण तत्त्वज्ञानवाले घटाबद्दल शतकानुशतकं बोलत आलो. कुंभाराच्या हाताबद्दल फारसं बोललो नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. आपला माठ साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतो. त्याच्या अंगात बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. स्टोनवेअर सुमारे १२०० ते १३०० अंशांवर भाजतात. त्या आचेत मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो, छिद्रं बुजतात. घरातली वरून तपकिरी, खाली पांढुरकी लोणच्याची बरणी याच जातीची. तिच्यात आंबट-खारट टिकतं. पण तिच्यात पाणी ठेवलं तर माठासारखं गार होणार नाही. ज्याचा त्याचा धर्म वेगळा.

मग आपल्या मातीचं स्टोनवेअर का होत नाही? या देवळाचा काळा दगड पाहा. असाच दगड झिजून झालेल्या मातीत लोह भरपूर. एवढ्या आचेत ती तग धरत नाही, बसते. स्टोनवेअरची माती बाहेरून आणावी लागते. पण हीच लोहाची माती पातळ कालवून वरून लावली, तर वितळून तिची तपकिरी-काळी झिलई होऊ शकते. अंग परगावचं, कांती इथली!

लोककलेतून रोजची भांडी घडवावीत, हा विचार जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी मांडला. ते धर्मतत्त्वज्ञानाचे अभ्यासक. १९२५ च्या सुमारास हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभारांबरोबर त्यांनी 'मिंगेई', म्हणजे लोकांची कला, हा शब्द घडवला. १९३६ मध्ये टोकियोत तिचं संग्रहालय उघडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अनाम कारागीर रोजच्या वापरासाठी पुष्कळ भांडी करतो, तेव्हा 'मी' गळून पडतो आणि सौंदर्य आपोआप उतरतं.

ऐकायला गोड आहे. पण आपला कुंभार अनाम का होता? तो बलुतेदार. संक्रांतीची सुगडं, लग्नातला करा, बेंदराचे मातीचे बैल त्याने द्यायचे आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. नाव त्याने सोडलं नव्हतं. ते कुणी विचारलंच नव्हतं. गोरोबाकाकांचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ते भक्तीमुळे, मडक्यांमुळे नाही. अहंकार सोडणं ही साधना आहे, ओळख नाकारली जाणं हा अन्याय आहे. दोन्हींना आपण 'अनाम' म्हणतो, तिथे घोटाळा होतो.

आज उलटं झालंय. स्टोनवेअरच्या कपाखाली करणाऱ्याची खूण असते, पण महाग म्हणून आपण तो कपाटात ठेवतो. नाव मिळालं, वापर गेला. आम्हांला वाटतं, दोन्ही हवं. कुंभाराला नाव विचारा, पुरेसा दाम द्या आणि त्याच कपात रोज चहा प्या. कड उडाली तर? उडू दे. भांडी फुटतात म्हणून तर चाक फिरत राहतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.