किल्ली हाती येण्याआधी पैसे नकोत!
जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांनी खोली शोधताना घ्यावयाची काळजी

प्रवेशपत्र आले, व्हिसा मिळाला, विमानाचे तिकीटही काढून झाले. घरात आनंदाचे वातावरण असते. पण एक प्रश्न मात्र सुटलेला नसतो. तिथे उतरल्यावर राहायचे कुठे? उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा प्रश्न उभा राहतो. नेमक्या याच दिवसांत भाड्याच्या खोलीचे आमिष दाखवून पैसे उकळणारेही सक्रिय होतात. त्यांच्या जाळ्यात केवळ भोळेभाबडे विद्यार्थीच सापडतात, असे समजण्याचे कारण नाही. संगणकशास्त्राचा पदवीधरही यात फसू शकतो. कारण फसवणूक होते ती अज्ञानापेक्षा घाईमुळे. म्हणूनच ही घाई कशी निर्माण होते आणि तिचा फायदा कसा उठवला जातो, हे आधी समजून घ्यायला हवे.

टंचाई खरी, म्हणूनच जाहिरात खरी वाटते

जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. देशभरातील आणि परदेशांतील विद्यार्थी एकाच वेळी शहरांत दाखल होतात. विद्यार्थ्यांसाठी सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित पर्याय म्हणजे ‘श्टुडिरेंडनवेर्क’ या संस्थांची वसतिगृहे. विद्यार्थ्यांची उपाहारगृहे आणि वसतिगृहे चालवणाऱ्या अशा पन्नासहून अधिक संस्था जर्मनीत आहेत. मात्र मोठ्या शहरांत त्यांची प्रतीक्षायादी लांबलचक असते. म्युनिकसारख्या ठिकाणी खोली मिळण्यास काही सत्रेही लागू शकतात.

उरलेले विद्यार्थी सामायिक सदनिकेतील खोलीच्या शोधात निघतात. तिथे अशा सदनिकेला ‘वेगे’ म्हणतात. तीन-चार जण मिळून एक सदनिका घेतात. प्रत्येकाची खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सर्वांचे. २०२४च्या हिवाळी सत्राच्या सुमारास अशा खोलीचे सरासरी भाडे जर्मनीत सुमारे ४९० युरो, तर म्युनिकमध्ये ७९० युरोंच्या आसपास होते. एवढे भाडे असूनही एकेका खोलीसाठी अनेकांचे अर्ज येतात आणि आधीपासून राहणारे रहिवासी इच्छुकांना बोलावून, गप्पा मारून मग निवड करतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसलेला विद्यार्थी या भेटीला जाऊ शकत नाही. पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येत नाहीत. दिवस सरत जातात. आणि मग एके दिवशी अचानक एक सविस्तर, आपुलकीचे उत्तर येते.

फसवणुकीचा ठरलेला साचा

समजा, जाहिरातीत म्युनिकच्या मध्यवर्ती भागातली सुसज्ज सदनिका आहे आणि वीज-पाण्यासह भाडे फक्त ४५० युरो. मालक पत्रात लिहितो, की तो अभियंता असून नोकरीनिमित्त नुकताच दुसऱ्या देशात गेला आहे. घर मुलीसाठी घेतले होते. आता ते रिकामे आहे. पैशांपेक्षा घर नीट ठेवणारा भाडेकरू त्याला हवा आहे. मात्र घर दाखवायला तो येऊ शकत नाही. मागे एकाने शब्द देऊन ऐन वेळी पाठ फिरवली, म्हणून या वेळी अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे आधी हवे. पैसे पोहोचताच किल्ली आणि करार कुरिअरने येईल. घर पसंत पडले नाही, तर पैसे परत.

विश्वास बसावा म्हणून सोबत पारपत्राची प्रत आणि सही-शिक्क्याचा करार येतो. कधी एखाद्या नामांकित आरक्षण संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल केलेल्या पानाचा दुवा येतो आणि ‘पैसे त्यांच्याकडे सुरक्षित राहतील’ असे सांगितले जाते. ते पारपत्र अनेकदा आधी फसलेल्या एखाद्या व्यक्तीचे असते आणि छायाचित्रे दुसऱ्याच घराची. पैसे गेले, की कुरिअरच्या विम्यासाठी आणखी काही रक्कम मागितली जाते आणि नंतर पत्रव्यवहार थांबतो. विद्यार्थी सामानासह त्या पत्त्यावर पोहोचतो, तेव्हा तिथे वेगळेच कुटुंब राहत असते किंवा तो क्रमांकच अस्तित्वात नसतो.

दुसरा प्रकार अधिक धूर्त आहे. यात घर प्रत्यक्ष दाखवले जाते. भामटा एखादी सदनिका काही दिवसांसाठी भाड्याने घेतो, स्वतः मालक असल्याचे भासवून ती अनेकांना दाखवतो आणि प्रत्येकाकडून अनामत घेतो. ठरलेल्या तारखेला सर्व जण एकाच दारात उभे राहतात. म्हणजे घर पाहणे आवश्यक आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. दाखवणाऱ्याला ते भाड्याने देण्याचा अधिकार आहे का, हेही पाहावे लागते.

तिसऱ्या प्रकारात पैशांऐवजी ओळख चोरली जाते. ‘भाडेकरूची पडताळणी’ या नावाखाली विद्यार्थ्याला दूरचित्र-संवादाद्वारे पारपत्र दाखवून ओळख पटवण्यास सांगितले जाते. प्रत्यक्षात ती प्रक्रिया एखाद्या बँकेत त्याच्या नावाने खाते उघडण्याची असते. पुढच्या बळींचे पैसे त्याच खात्यात वळवले जातात आणि पोलिसांचे पत्र येते ते या विद्यार्थ्याला. कोणत्याही खऱ्या घरमालकाला भाडेकरूची बँकेसारखी ओळख-पडताळणी करून घेण्याची गरज नसते.

‘टोकन’ची सवय इथेच सोडावी

आपल्याकडे खोली पसंत पडली, की थोडे ‘टोकन’ देऊन ती अडवून ठेवण्याची पद्धत आहे. पालकांना म्हणूनच ‘थोडे पैसे पाठवून खोली राखून ठेवू’ हा विचार स्वाभाविक वाटतो. जर्मनीतील खासगी भाडेव्यवहारात अशी प्रथा नाही. तिथे आधी भेट, मग लेखी करार, मग किल्ली आणि अनामत, असा क्रम असतो. करारानंतर, पण किल्लीच्या आधी अनामत मागणारे प्रामाणिक मालकही भेटतात. मात्र त्यांना भेटून, घर पाहून करार झालेला असतो. न भेटता, न दाखवता पैसे मागणारा मालक मात्र टाळलेलाच बरा.

कायदा भाडेकरूच्या बाजूने

जर्मन नागरी संहितेच्या ५५१व्या कलमानुसार अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक असू शकत नाही. मूळ भाडे, म्हणजे ‘काल्टमीटे’, यात तापवण्याचा, पाण्याचा आणि इतर सामायिक खर्च धरला जात नाही. तो धरून होणाऱ्या एकूण भाड्याला ‘वार्ममीटे’ म्हणतात. मूळ भाडे ५०० युरो असेल, तर अनामत जास्तीत जास्त १,५०० युरो. तीही तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडेकराराचा काळ सुरू होताना देय होतो. सहा महिन्यांची अनामत महिनाभर आधी मागणारा मालक हा कायदा तरी जाणत नाही किंवा मालक तरी नाही.

दलालीबाबतचा नियमही स्पष्ट आहे. १ जून २०१५पासून ज्याने दलाल नेमला, त्यानेच दलाली द्यायची, असे तत्त्व लागू आहे. मालकाने नेमलेला दलाल विद्यार्थ्याकडे शुल्क मागत असेल, तर ते देऊ नये. घर दाखवण्याचे पैसे मागणाऱ्यालाही नकारच द्यावा.

सर्वांत उपयुक्त कसोटी आहे ती पत्त्याच्या नोंदणीची. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. १ नोव्हेंबर २०१५पासून त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र बंधनकारक आहे. या नोंदणीवर कर क्रमांक आणि निवास परवाना अवलंबून असतात. बँक खात्यासाठीही ती अनेकदा लागते. म्हणून पहिल्याच पत्रात विचारावे, ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल का आणि आपण प्रमाणपत्र द्याल का?’ टाळाटाळ झाली, तर पुढे जाऊ नये. नोंदणीपुरता पत्ता विकणारेही भेटतात. तिथे न राहता असा पत्ता देणे-घेणे बेकायदा असून असा पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खोली पोटभाड्याने मिळत असेल, तर मूळ भाडेकरूचा करार आणि मालकाची लेखी परवानगी पाहावी.

पैसे देण्यापूर्वी हे तपासा

- घर स्वतः पाहावे. ते शक्य नसेल, तर त्या शहरातील ओळखीच्या वरिष्ठ विद्यार्थ्याला किंवा मित्राला पाठवावे.
- दूरचित्र-संवाद करायचा, तर आधी चित्रित केलेली फीत नको. समोरच्याला रस्त्यापासून सुरुवात करून घराचा क्रमांक, दारावरच्या घंटीशेजारील नाव आणि खिडकीतून दिसणारा रस्ता सलग दाखवायला सांगावे. ही पडताळणी प्राथमिक आहे. केवळ तिच्यावर विसंबून पैसे देऊ नयेत.
- जाहिरातीतील छायाचित्रे शोधयंत्रात टाकून पाहावीत. तेच स्वयंपाकघर अन्य शहराच्या जाहिरातीत आढळले, तर विषय तिथेच संपवावा.
- त्या भागातील इतर खोल्यांचे भाडे पाहावे. निम्म्या भाड्यात दुप्पट घर कोणी देत नाही.
- करारातील नाव, ओळखपत्रावरील नाव आणि खातेदाराचे नाव एकच असावे. जर्मन बँकखात्याचा क्रमांक ‘डीई’ या अक्षरांनी सुरू होतो. घर म्युनिकमध्ये आणि खाते तिसऱ्याच देशात असेल, तर कारण विचारावे. मात्र जर्मन खाते म्हणजे सचोटीचा पुरावा नव्हे.
- रोख हस्तांतर सेवा, भेटकार्डे किंवा आभासी चलन यांतून पैसे कधीही देऊ नयेत.
- पारपत्राची प्रत अनोळखी व्यक्तीला पाठवू नये. करारासाठी द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे ‘फक्त भाडेकरारासाठी’ असे लिहून तारीख घालावी.

पहिल्या महिन्याची वेगळी तरतूद

विद्यार्थी व्हिसासाठी उघडाव्या लागणाऱ्या ‘श्पेरकोंटो’ या राखीव खात्यात सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात आणि तेही जर्मनीत पोहोचल्यावर. पहिले भाडे आणि अनामत या रकमेत बसत नाही. त्यासाठीचे पैसे वेगळे ठेवावे लागतात. आणि घरच्यांनी शैक्षणिक कर्जातून किंवा मुदतठेव मोडून उभ्या केलेल्या याच रकमेवर भामट्यांचा डोळा असतो.

या रकमेतून खोली ‘पक्की’ करण्यापेक्षा पहिल्या तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय करावी. युवा वसतिगृह, अल्पमुदतीची खोली किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाने सुचवलेली जागा चालू शकते. हा खर्च पालकांना वायफळ वाटतो. पण समजा, रात्रीला ३० युरो दराने २१ दिवसांचे ६३० युरो झाले. खोट्या मालकाला अनामत आणि भाड्यापोटी दिलेले दोन हजार युरो जातात, तेव्हा तात्पुरत्या जागेचा खर्च त्यानंतरही करावाच लागतो. शिवाय शहरात हजर असलेला विद्यार्थी भेटींना जाऊ शकतो. त्यामुळे त्याला खरी खोली मिळण्याची शक्यताही वाढते.

याच्या जोडीला प्रवेशाची शक्यता दिसताच वसतिगृहासाठी अर्ज करावा आणि शोध केवळ मोठ्या शहरापुरता न ठेवता लोकल गाडीच्या टप्प्यातील लहान गावांपर्यंत न्यावा.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन बँकेला करावा. परदेशी हस्तांतर थांबवण्याची किंवा परत मागवण्याची विनंती लगेच केली, तर काही आशा असते. एकदा पैसे समोरच्या खात्यातून निघाले, की ते परत मिळणे अवघड होते. युरो चलन वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५पासून युरो हस्तांतरापूर्वी खातेदाराचे नाव जुळते की नाही, हे बँकांना दाखवावे लागते. भारतातून थेट पाठवलेल्या पैशांना या सोयीचा आधार नाही, हे लक्षात ठेवावे.

पैसे भारतातून गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. विद्यार्थी जर्मनीत असेल, तर तेथील पोलिसांकडेही तक्रार द्यावी. ती बहुतेक ठिकाणी संगणकावरूनही देता येते. जाहिरात, पत्रे, करार आणि पावत्या यांतील काहीही पुसून टाकू नये. पारपत्राची प्रत गेली असेल, तर तसे तक्रारीत स्पष्ट नमूद करावे. करार खरा असून अनामतीवरून वाद असेल, तर स्थानिक भाडेकरू संघटनेचा सल्ला घेता येतो. तिचे सदस्यत्व घ्यावे लागते.

आणि पालकांसाठी एक सूचना. फसल्याचे लक्षात आल्यावर अनेक मुले घरी सांगायला कचरतात. ‘बाबांनी कष्टाने जमवलेले पैसे मी घालवले’ या भावनेने दोन-चार दिवस गप्प राहतात आणि बँकेला कळवण्याचा मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, की असे काही घडले तर आधी घरी फोन कर. रागावणे-समजावणे नंतर पाहू. परक्या शहरातले पहिले पंधरा दिवस तात्पुरत्या खोलीत काढावे लागले, तरी त्यात कमीपणा नाही. घर पाहिले, करार वाचला, किल्ली हाती आली, मग पैसे. हा क्रम एकदा ठरवला, की कितीही गोड पत्र आले तरी तो मोडू नये.