रस्ता व्हावा, वस्तीही राहावी

इंदूरच्या नगररचनेचा विचार करताना एका अहवालाचे स्मरण अटळ आहे. १९१८ साली होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडीस यांनी तो दोन खंडांत लिहिला. गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनेकडे वळलेले. दाट वस्तीत हवा व उजेड यावा म्हणून सरळ, रुंद रस्ते आखून वाटेतील घरे सरसकट पाडण्याची तेव्हा रीत होती. गेडीस यांचा तिला विरोध होता. घर गेलेली गरीब माणसे शहर सोडून जात नाहीत. ती शेजारच्या, आधीच भरलेल्या घरांत शिरतात आणि गर्दीबरोबर रोगराईही वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून मोजकी पडकी घरे काढावीत, मोकळ्या जागा साधाव्यात आणि बाकीची वस्ती जपावी, हा त्यांचा मार्ग. त्याला त्यांनी दिलेले नाव शस्त्रक्रियेवरूनच घेतलेले होते. जेवढे रोगट तेवढेच कापावे आणि निरोगी ऊतक राखावे, हे तत्त्व आपणा डॉक्टरांना वेगळे समजावून सांगायला नको.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी मुंबईत जे घडले, ते या तत्त्वाच्या कसोटीवर पाहण्यासारखे आहे.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी २००२ साली जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले. त्यात उपनगरी रेल्वेच्या कामांबरोबर सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी हे जोडरस्ते होते. या कामांसाठी लाखाच्या आसपास माणसांना हलवावे लागणार होते. महाराष्ट्र शासनाने १९९७ सालीच त्यासाठी पुनर्वसन धोरण स्वीकारले होते. झोपडीधारकालाही २२५ चौरस फुटांचे पक्के घर विनामूल्य मिळावे, ही तरतूद त्या काळी निश्चितच पुढची होती. तरीही २००४ मध्ये बाधित रहिवासी व दुकानदारांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. नवी जागा दूर, रोजगार तुटलेला, पाणी व स्वच्छतेची सोय अपुरी आणि आधी पुरेशी माहिती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाने गंभीर उणिवा नोंदविल्या. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचा निधी रोखला आणि सुधारणांची हमी मिळाल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू केला. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता अखेर २०१४ मध्ये खुला झाला.

प्रवाशांसाठी ती कथा तेथे संपली. वैद्यकदृष्ट्या ती तेथून पुढे सुरू होते. रेल्वे, रस्ते व अन्य कामांमुळे उठविलेली असंख्य कुटुंबे मुंबईच्या पूर्वेकडील एम-पूर्व विभागात, मानखुर्द-गोवंडी परिसरातील उंच इमारतींत गेली. तेथील तीन पुनर्वसन वसाहतींचा नंतर अभ्यास झाला. लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड या दोन वसाहतींत जवळजवळ दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगी आढळला. तुलनेने मोकळ्या बांधणीच्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण शंभर घरांमागे एक इतके होते. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचतच नाही. असा अभ्यास केवळ संबंध दाखवितो, कारण सिद्ध करीत नाही, हे खरे. परंतु कोंदट खोलीत क्षयाचे जंतू कसे टिकतात हे आपण पहिल्या वर्षापासून शिकलो आहोत. पक्के घर मिळाले म्हणजे पुनर्वसन झाले, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

यात सर्वांत मोठी किंमत मोजतात ती लहान मुले. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. मधल्या काळात घर हलले, तर मूल जुन्या आशा कार्यकर्तीच्या यादीतून गळते आणि नव्या वस्तीच्या यादीत आपोआप चढत नाही. घरात क्षयरोगी असेल, तर पाच वर्षांखालील बालकाला प्रतिबंधक औषध महिनोन्‌महिने द्यावे लागते. जागा बदलली की तेही खंडित होते. अंगणवाडीतील आहार सुटतो. धुणीभांडी करणाऱ्या आईचे काम पाच-सहा मैलांवर राहते, मग ती काम सोडते किंवा तान्ह्याला मोठ्या बहिणीच्या हवाली करते. ती बहीण शाळेतून उठते. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडी, डांबर, सिमेंट सारे असते. या खर्चाचा रकाना मात्र नसतो.

कायदा अगदीच मुका नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला. मात्र सरकारी जमिनीवरील वस्तीत भूसंपादनच होत नसल्याने तिला त्याचा आधार क्वचितच मिळतो. मध्य प्रदेशात १९८४ च्या पट्टा कायद्याने अनेक भूमिहीन कुटुंबांना संरक्षण दिले. ज्यांच्या हाती पट्टा नाही ती कुटुंबे उघडीच राहिली.

पर्याय नाही असेही नाही. १९८९ पासून याच इंदुरात, अभियंता हिमांशु पारीख यांच्या कल्पनेनुसार, विकास प्राधिकरणाने ब्रिटिश साहाय्याने वस्त्या न हलविता सुधारण्याची योजना राबविली. गल्ल्या घरांच्या जोत्यापेक्षा खालच्या पातळीवर फरसबंद केल्या, त्यांच्या खालून मलवाहिन्या नेल्या आणि पावसाचे पाणी नाल्यांकडे वळविले. १९९८ मध्ये या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला. पुढे देखभालीअभावी आणि अपुऱ्या जोडण्यांमुळे तिच्यावर रास्त टीकाही झाली. पण वस्तीच्या छातीवरून रस्ता नेण्याऐवजी वस्तीपर्यंत रस्ता नेता येतो, हे तिने दाखविले.

आपल्यासारख्या वैद्यक मंडळांनी येथे काय करावे? नवा रस्ता आखताना क्रम असा असावा: प्रथम आखणी बदलून वस्ती वाचवावी, ते शक्य नसेल तेथे रुंदी कमी करावी, तरीही घरे जाणारच असतील तर पुनर्वसन त्याच परिसरात, शाळा व दवाखाना पायी गाठता येईल इतक्या अंतरावर व्हावे. घर पाडण्याआधी वस्तीतील गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, क्षयरोगी व अपंग यांची नोंद व्हावी आणि ती नव्या जागेच्या आरोग्य केंद्राकडे पोहोचलेली असावी. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या काळात घरे पाडू नयेत. नव्या इमारतींमधील अंतर ठरविताना खालच्या मजल्यावरच्या उन्हाचा विचार व्हावा. विकास योजनेच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा यांतील प्रत्येक मुद्दा मंडळाच्या शीर्षपत्रावर, वैद्यकीय कारणांसह नोंदविता येईल. रहिवाशांच्या अर्जाकडे काणाडोळा होतो. डॉक्टरांच्या लेखी निवेदनाकडे तो करणे तितके सोपे नसते.

रस्ते हवेतच. रुग्णवाहिका त्यांवरूनच धावते. पण इंदूरचेच उदाहरण पाहा: आग्रा-मुंबई रस्त्यावरची विशेष बसमार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या अनुमतीने ती काढून टाकण्याचे ठरले. रस्त्याची आखणी बारा वर्षांनी बदलता येते. बालपणाची पहिली पाच वर्षे पुन्हा आखता येत नाहीत.